ताणावरची डाळिंबं

विमानांनी पाट फोडला त्या दिवशी सैफ बिन हमद आईबरोबर गुहेत होता. दुपारी विमानं गेली. दोघं बाहेर आली. पाटात पाणी नव्हतं.

तेव्हा तो सात-आठ वर्षांचा असेल. हे सैफचाचांनी मला सांगितलं तेव्हा त्यांची सत्तरी उलटली होती, आणि आम्ही त्यांच्या ओमानपासून दूर, समुद्राच्या अलीकडे, जालन्याकडच्या वडीगोद्रीला, अंकुशरावांच्या मोसंबीच्या बागेत बांधावर बसलो होतो. गेल्या जानेवारीत सैफचाचा वारले. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. रोज चार ओळी लिहितो आणि त्यांतल्या दोन खोडतो. दिवाळी अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहून द्या असा निरोप आला, तेव्हा ठरवलं की बदल्या आणि बढत्या बाजूला ठेवाव्यात. माझ्या सगळ्या नोकरीचा अर्थ मला ज्या एका पाण्याच्या पाळीत कळला, तेवढंच सांगावं.

मी फळबागांचा सल्लागार. मूळ पिंपळगाव रेणुकाईचा, शिक्षण शेतकी कॉलेजातलं. मोसंबी आणि डाळिंब ही माझी पिकं, आणि माझं खरं काम झाडाला पाणी न देण्याचं. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं, म्हणून आधी समजावून सांगतो.

झाडाला भरपूर पाणी मिळत राहिलं की ते पालवी काढत बसतं. फुलायची त्याला घाई नसते. पाणी तोडलं की वाढ थांबते, झाड विसावा घेतं, अन्न फांद्यांत साठतं. मग बेताबेताने पाणी सोडलं की फूल एकदम येतं. याला बाग ताणावर सोडणं म्हणतात. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, काळ्या जमिनीत वेळ लागतो. किती बसला ते पान सांगतं. पान मलूल होतं, कडेने मुडपतं, पिवळट पडतं, काही पानं गळतात. ताण कमी पडला तर फूल विरळ येतं आणि जास्त झाला तर फांद्या वाळतात, कधी झाडही जातं. ही मधली वेळ ओळखण्यात माझं आयुष्य गेलं. फार कमी वेळा चुकलो. एवढं स्वतःबद्दल म्हणायला हरकत नसावी.

सगळ्यांत अवघड गिऱ्हाईक म्हणजे प्रेमळ माणूस. जालन्याचे एक शेठजी होते, बियाण्यांचे व्यापारी. घराणं मूळ मारवाडातलं, पण कैक पिढ्या इथेच गेलेल्या. शहराबाहेर त्यांनी हौसेने मोसंबी लावली. दरवर्षी मी पाणी तोडायला सांगायचो आणि दरवर्षी बाग हिरवीगार राहायची. शेवटी एकदा त्यांना समोर बसवून विचारलं.

"सर, खोटं न्हाई बोलणार," ते म्हणाले. "मुकी झाडं तिकडं उपाशी अन् मी इकडं जेवून राह्यलो. घास उतरत न्हाई हो. मी गड्याला म्हणतो, जा, घागरभर घाल जल्दी. सरांना सांगू नको."

"मग फळ येणार नाही, शेठजी."

"न येऊ द्या. सावली बघा किती आहे! पाहुणे खूश होतात. मोसंबी मी मंडीतून मागवतो."

त्या बागेत मी दोनदा हुरड्याला गेलो. सावली खरोखरच गार होती.

शेठजींच्या बाबतीत हसण्यावारी नेता आलं. सैफचाचांच्या बाबतीत ते जमणार नव्हतं.

नोकरीची शेवटची काही वर्षं मी ओमानमध्ये काढली. तिथे जबल अख्दर म्हणून डोंगर आहे, म्हणजे हिरवा डोंगर. वर चांगली थंडी पडते. कड्यांच्या अंगाने पायऱ्यांसारखी शेतं कोरलेली आहेत आणि झऱ्याचं पाणी हौदातून, दगडी पाटांतून त्या पायऱ्यांवर उतरतं. प्रत्येक घराची पाण्याची पाळी ठरलेली. पूर्वी काठीच्या सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर मोजायचे, आता मनगटातल्या घड्याळावर. एका खासगी शेती प्रकल्पाने मला तिथल्या जुन्या डाळिंबांसाठी नेलं होतं. तिथे मला सगळे मुहंदिस म्हणायचे, म्हणजे इंजिनिअर. कॅनॉलवर दारं धरत, म्हणजे फावड्याने पिकाकडे पाणी वळवत, वाढलेल्या माणसाला हा बहुमान बरा वाटला.

सैफचाचांची पायरी गावातली सर्वांत देखणी होती, आणि फळ सर्वांत कमी. कारण मला पहिल्याच हिवाळ्यात दिसलं. तिथली थंडी झाडांना आपोआप झोपवायची. अलीकडे ती पूर्वीसारखी पडत नव्हती, आणि चाचा मात्र पाण्याची एकही पाळी चुकवत नव्हते. झाडं जागीच राहत. वसंतात थोडी फुलं यायची, तीही गळायची. चाचांचा मुलगा हमद, चाळिशीचा, खाली शहरात नोकरी करणारा, मला बाजूला घेऊन म्हणाला, "मुहंदिस, फळ आलं तर ही पायरी राहील. नाही आलं तर सपाट करून पाहुण्यांसाठी खोल्या बांधतो. वर येणारे प्रवासी वाढलेत. बाबांना मी सांगितलंय."

हमद वाईट मुलगा नव्हता. बापाने म्हातारपणी पायऱ्यांवर चढउतार करावी आणि हाती पालापाचोळा लागावा, हे त्याला बघवत नव्हतं.

मी हमदला विचारून एका ओळीचं पाणी तोडलं. पाटाच्या तोंडाला दगड लावला आणि फटीत चिंध्या कोंबल्या, तिथल्या रीतीप्रमाणे. सकाळी चाचा आले. वाकून त्यांनी तो दगड हातांनी उपसला, चिंध्या काढून पिळल्या आणि बाजूला वाळत घातल्या. त्यांना हिंदी बरं यायचं. तरुणपणी मस्कतच्या बाजारात कच्छी व्यापाऱ्यांकडे ते काम करत. मला म्हणाले, "पानी बंद करने तुमको किसने भेजा?"

मी हमदचं नाव घेतलं नाही. त्यानंतर सलाम व्हायचा, तब्येतीची चौकशी व्हायची, पण त्यांच्या घरी माझ्यासमोर कॉफीची किटली यायची बंद झाली. तिथे पाहुण्यापुढे कॉफी न ठेवणं म्हणजे त्याला दार बंद करण्यासारखं. माझा सल्ला बरोबर होता, आणि तो त्या गावात कुणी देऊ नये असा होता. का, ते मला कुणी सांगेना. पुढे माझा करार संपला आणि मी जालन्याला परत आलो.

दोन वर्षांनी हमदचा फोन आला. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन हैदराबादला केलंय, बरे आहेत, आणि तुम्हाला भेटायचं म्हणतायत. मागून, मला कळावं म्हणून हिंदीत, चाचांचा आवाज आला, "बोल उसको, जिस गाव में झाड को प्यासा रखते हैं, वह गाव मुझे देखना है."

हमद हळूच म्हणाला, "परत गेल्यावर मी पायरीचा निर्णय घेणार आहे. या हिवाळ्यापर्यंत थांबलोय."

हमदने हैदराबादला त्यांना गाडीत बसवून दिलं आणि जालना स्टेशनवर चाचा काठी टेकत उतरले. पांढरा पायघोळ अंगरखा आणि डोक्याला भरजरी नक्षीचं मुंडासं. फलाटावरची माणसं कुणा दर्ग्याचे पीर असावेत अशा अदबीने बाजूला झाली. दुसऱ्या दिवशी मी त्यांना वडीगोद्रीला नेलं. अंकुशराव खरात आणि त्यांच्या पत्नी सुमनबाई हे माझे जुने बागायतदार. सल्ला ऐकतात, पटला नाही तर तोंडावर सांगतात. त्यांची मोसंबी तेव्हा ताणावर होती आणि ताण भरत आला होता.

"आव चाचा, बैठो," अंकुशराव पुढे आले. "गुडगा कैसा है? संभाल के हां, इधर ढेकळं बहुत हैं."

चाचांचं लक्ष झाडांकडे होतं. पानं मुडपलेली, पिवळी, बुंध्याशी गळालेल्या पानांचा थर. एका फांदीला हात लावून त्यांनी विचारलं, "किसने बंद किया?"

"मैंनेच किया चाचा. और कौन करेंगा?"

"दुश्मनी है?"

अंकुशराव मोठ्याने हसले. "झाड से दुश्मनी? लेकरू है चाचा हमारा!" मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "काय म्हणून राह्यले हे, सर? काही चुकलं का माझं?"

चाचा बांधावर बसले आणि बोलू लागले. ते हिंदीत सांगत होते आणि सुमनबाईंसाठी मी मराठीत सांगत होतो.

हा इतिहास आपल्याकडे फारसा कुणी वाचत नाही, म्हणून थोडं मी पुस्तकांत वाचलेलं सांगतो. डोंगरातल्या टोळ्यांचा एक इमाम असे, त्यांनीच निवडलेला, धर्माचा आणि न्यायाचा प्रमुख. किनाऱ्यावर मस्कतला सुलतान. सुलतान अरब आणि डोंगरातलेही अरब. पण सुलतानाच्या पाठीशी इंग्रज होते. त्यांचे अधिकारी, त्यांची विमानं, आणि आतल्या वाळवंटात तेल लागेल ही त्यांची आशा. टोळ्या सुलतानावर उठल्या. सपाटीवर हरल्या आणि डोंगरावर चढल्या. वर जायच्या वाटा मोजक्या, त्याही कड्यांतून, त्यामुळे बराच काळ कुणाला वर पोचता आलं नाही. मग विमानांनी गावं, हौद आणि पाट फोडले. शेवटी इंग्रजांचे सैनिक कडा चढून आले आणि बंड संपलं. मराठवाड्यातल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आपल्यावर निजाम होता, त्याच्याजवळ इंग्रजांचा रेसिडेंट होता, आणि जालन्याला छावणी होती.

चाचांनी यातलं काहीच सांगितलं नाही. त्यांनी फक्त झाडांचं सांगितलं.

"गुहेत खडकातून थेंब थेंब पाणी पडायचं. आई त्याखाली भांडं ठेवायची. आम्ही प्यायचो. उरलेलं ती अंधार पडला की पायरीवर घेऊन जायची. सगळ्या झाडांना पुरणार नव्हतं. तिने एक झाड निवडलं. बाकीची आमच्या डोळ्यांसमोर वाळली, अशीच. आधी पान मुडपलं, मग पिवळं झालं." त्यांनी समोरच्या मोसंबीकडे बोट केलं. "बंड संपल्यावर त्या एका झाडाच्या काड्या लावून आईने सगळी पायरी पुन्हा उभी केली. मरताना माझ्याकडून कबूल करून घेतलं, की यांना पुन्हा तहान लागू द्यायची नाही. आणि तू," त्यांनी माझ्याकडे पाहिलं, "तू दगड घेऊन आलास."

हेही मी सुमनबाईंना मराठीत सांगितलं, दगडासकट.

सुमनबाईंनी पदराने डोळे पुसले. मग विचारलं, "अन् त्या विमानवाल्यांना पाट कुठून जातो ते कसं कळलं हो? वरून तर सगळे दगडच दिसत असतील."

मी विचारलं. चाचा म्हणाले, "गाव म्हणतं, खल्फानच्या बापाने सांगितलं. खरं-खोटं अल्लाला ठाऊक. तो सुलतानाच्या बाजूला होता, एवढं खरं. खल्फानची पायरी माझ्या खालीच आहे. तेव्हापासून दोन घरांत बोलणं नाही."

"मंग माझ्यासारखंच झालं की," सुमनबाई म्हणाल्या. "मी धाकट्या जावंशी बोलत न्हाई. लई वर्सं झाले."

"अगं, हे काय सांगायचं असतंय पाहुण्याला?" अंकुशराव वैतागले.

"सांगू द्या की. बांधावरून तिनं मला काय काय म्हणलं ते तुम्हाला म्हाईत हाय." मग माझ्याकडे वळून, "सर, त्यांना सांगा, आम्ही पाणी बंद न्हाई केलं. आमची कॅनॉलची पाळी हाय ती हायेच. बाग ताणावर सोडली का आमची पाळी आम्ही जावंच्या गव्हाला देतो. पाणी चालूच राह्यतं. फकस्त आमच्या दाराशी थांबत न्हाई."

मी सांगितलं. चाचा म्हणाले, "फिर से बोल."

पुन्हा सांगितलं. ही रीत मला लहानपणापासून ठाऊक होती. आमच्या भावकीतही तसंच चालतं. पण डोंगरावर मी दगड आणि चिंध्या घेऊन गेलो होतो. झाडाला पाणी नको, एवढंच शास्त्र माझ्याजवळ होतं. ते पाणी कुणाला द्यायचं, हा प्रश्न मला तिथे सुचला नव्हता.

"जिस से बात नहीं करती, उसको पानी देती है?" चाचांनी विचारलं.

अंकुशरावांनी भाषांतर केलं. सुमनबाईंना प्रश्नच कळेना. "मंग कुणाला देणार? तिचंच वावर खाली हाय. पाणी काय माझ्या माहेरचं हाय का तिच्या? कॅनॉलचं हाय."

चाचा उठले. काठी टेकत पाटाच्या कडेने चालत खालच्या वावरापर्यंत गेले. गहू पोटरीत आलेला, गडद हिरवा. पाटात पाणी वाहत होतं. मोठ्या कष्टाने वाकून त्यांनी त्यात हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. अंकुशराव मला म्हणाले, "सर, गुडगा नवा हाय त्यांचा. उठवा त्यांना." मी म्हणालो, "राहू द्या."

चाचा आठवडाभर माझ्याकडे राहिले. रोज सकाळी आम्ही बागेत जायचो. मी पान हातात घेऊन ताण कसा बघायचा ते दाखवायचो, ते बघायचे. एका सकाळी मी अंकुशरावांना म्हणालो, "आज सोडा." पहिलं पाणी हलकं सोडायचं असतं, नुसती जमीन ओली होईल इतकं. पण पाणी होतं जावेच्या गव्हात. सुमनबाईंनी खालच्या वावराच्या दिशेने, पण आभाळाकडे बघत आवाज दिला, "आमच्या झाडांची येळ झालीया म्हणावं!"

खालून तितक्याच मोठ्याने, तितक्याच दुसरीकडे बघत उत्तर आलं, "घ्या म्हणावं! आमचं कवाच झालंय!" आणि गव्हातून एक बाई फावडं घेऊन उठल्या, चिखल ओढून स्वतःचं दार बांधलं आणि पुन्हा गव्हात दिसेनाशा झाल्या. पाटातलं पाणी तुंबून आमच्या दारापर्यंत आलं. सुमनबाईंनी आपलं फावडं चाचांच्या हातात दिलं. "तुम्ही मोडा दार."

चाचांनी दार मोडलं. पाणी पहिल्या आळ्यात शिरलं. ते आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटले. मी अर्थ विचारला नाही.

गाडीत बसताना म्हणाले, "तेरी मिर्ची बहुत तेज है. बाकी गाव ठीक है." माझ्या गावाबद्दल त्यांच्याकडून एवढीच पावती मिळाली.

पुढचं हमदने फोनवर सांगितलं. घरी गेल्यावर चाचा मुलाला एकच म्हणाले, एक वर्ष थांब. हमद थांबला. पुढच्या हिवाळ्यात ते गावच्या पाणी वाटणाऱ्या माणसाकडे गेले आणि म्हणाले, "थंडी संपेपर्यंत माझं पाणी खाली जाऊ दे." खाली म्हणजे खल्फानकडे. पाणीवाल्याने पुन्हा विचारलं, कारण ऐकण्यात चूक झाली असं त्याला वाटलं. खल्फान आभार मानायला आले नाहीत आणि चाचांची तशी अपेक्षाही नव्हती. त्या वर्षी खल्फानच्या पायरीवर लसूण जोरात आला. चाचा रोज एक पान हातात धरून त्याचा फोटो काढून घेत आणि हमदमार्फत मला पाठवत. मी दुसऱ्या टोकाला भिंगाचा चष्मा लावून बघत असे आणि उत्तर देई, "अजून नाही." मग एके दिवशी लिहिलं, "आज."

वसंतात डाळिंबं फुलली. मी पाहिलेल्या कुठल्याही वर्षापेक्षा जास्त. गळालीही कमी. फळांची एक पेटी मस्कतहून सुट्टीवर येणाऱ्या परतूरच्या एका माणसाबरोबर जालन्यापर्यंत आली. सुमनबाईंनी दाणे तोंडात टाकून निकाल दिला, "बी जाड हाय. पर गोड हाय." हमदने प्रवाशांसाठी खोल्या बांधल्या, पण गावाच्या वरच्या अंगाला, मोकळ्या खडकावर. खिडक्या खालच्या डाळिंबांकडे उघडतात आणि प्रवाशांना तेच आवडतं, असं तो सांगतो.

गेल्या जानेवारीत फोन आला तेव्हा मला वाटलं, पानाचा फोटो असेल. हमद म्हणाला, "बाबा गेले."

त्या गावात पाटाच्याच कडेला एक दगडी जागा बांधलेली आहे. माणूस गेलं की तिथे त्याला वाहत्या पाण्याने शेवटची आंघोळ घालतात. ती जागा चाचांच्या पायरीकडे जाणाऱ्या फाट्यावर, आणि थंडीचे दिवस असल्यामुळे चाचांचं पाणी खल्फानच्या लसणात चालू होतं, हा फाटा कोरडा होता. त्या घरी आपलं कुणी जात नाही, मग निरोप घेऊन कुणाला पाठवावं, याचा हमद विचार करत असतानाच पाटात पाणी आलं. खल्फाननी आपल्या पायरीचं तोंड स्वतः दगडाने बंद करून पाणी इकडे वळवलं होतं. मग ते वर आले आणि आंघोळ घालणाऱ्यांत जाऊन उभे राहिले.

"काही बोलले का?" मी विचारलं.

"नाही. पाणी ओतत होते," हमद म्हणाला.

त्या दिवशी मी वडीगोद्रीला गेलो. दुसरीकडे कुठे जावं सुचलं नाही. अंकुशरावांनी खाट टाकली, सुमनबाईंनी चहा केला. बाग ताणावर होती. पाटाचं पाणी खालच्या गव्हात जात होतं, आणि आम्ही तिघं ते बघत बसलो.

डोंगरावर ती पायरी आहे. तिच्यावर डाळिंबं आहेत. हिवाळ्यात तिचं पाणी खल्फानच्या लसणाला जातं आणि थंडी सरली की परत येतं.